सौजन्य समितीचे अध्यक्ष

शशिकांत लेले जन्मले कोलकात्याच्या बेहाला भागात, वाढलेही तिथेच, आणि बंगाली असं बोलतात की मासेवालाही त्यांना मराठी म्हणणार नाही. मराठी फक्त घरात. बाहेर एकाच कामासाठी: बाजारात, बसमध्ये कोणाला नावं ठेवायची असली की. इथले आम्ही सगळेच मराठी लोक हे करतो. परमुलखात राहून एवढी तरी चैन हवी.

लेले सरांनी ही चैन कॉलेजात नेली. उत्तर चुकलं की बंगालीत गोड हसायचं, "बस हं बाळा" म्हणायचं, आणि फळ्याकडे वळून मराठीत त्याचा उद्धार करायचा. बाकीचे प्राध्यापक वर्गात खेकसत, पोरं त्यांच्या तोंडावर दार आपटत. शेवटी सौजन्य समिती नेमली गेली. अध्यक्ष लेले सर, बिनविरोध.

यंदा आभा आली. तिच्या लष्करातल्या वडिलांची पुण्याहून फोर्ट विल्यमला बदली झालेली. सर हजेरी नंबरावर घेतात, त्यामुळे नाव-आडनाव त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

त्या दिवशी बराकपूरहून येणारा तन्मय उत्तर देताना अडखळला. सर हसले, फळ्याकडे वळले आणि पुटपुटले, "डोक्यात नुसतं शेण. ह्याच्या आईबापाची कीव येते."

पहिल्या बाकावरून आभा उठली आणि मराठीत म्हणाली, "सर, त्यालाही कळेल असं सांगा ना."

तास संपल्यावर सरांनी तिला खोलीत बोलावलं. तू तर आपल्यातलीच, रविवारी घरी ये, काकू साबुदाण्याची खिचडी करतील, असं बरंच काही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शिक्षकांविरुद्धची तक्रार कोणाकडे करायची, एवढंच विचारलं. सरांना स्वतःकडेच बोट दाखवावं लागलं. मग तिने दाराबाहेर थांबलेल्या तन्मयला आत घेतलं.

"तुम्ही सांगता, की मी सांगू?"

इतक्या वर्षांची अब्रू पणाला लागली होती. सरांनी आधी थोडं सौम्य करून पाहिलं. आभाने नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी एकही शब्द न गाळता बंगालीत सांगितलं. बंगालीत ते फारच वाईट ऐकू आलं, असं ते मला नंतर म्हणाले. मला त्यांची दया आली नाही.

तन्मय चिडला नाही.

"सर, मी आईला सांगितलं होतं, तुम्ही मला तुमच्या भाषेत आशीर्वाद देता."