चिनी काढा आन् कानातली हाक

"ह्यांना स्ट्रोक झालाय," नगरच्या दवाखान्यातली डाक्टरीनबाई म्हनाली. स्ट्रोक म्हंजी डोस्क्याकडं जानारं रगात अडतं आन् तेवढा भाग मरतो. मालकांचं उजवं अंग गेलं हुतं, वाचाबी गेली हुती. धारेला बसले ते चरवीसकट कलंडले.

"वाचा यील का?" मी इचारलं.

"येईलही. बोलत राहा त्यांच्याशी. औषध फारसं नाही यावर."

विंग्रजांच्या राज्यातल्या मोठ्या लढाईचा काळ हुता. आमी भिंगारच्या अंगाला ऱ्हायचो. मालक लष्कराच्या कँपात दुधाचा रतीब घालायचे. घरात त्यांच्या आमी दोगी बायका. मला मूल न्हाई म्हनून शेवंता आनली. ती पाटाची, म्हंजी रांडावलेलीचं दुसरं लगीन, चार मानसांत उरकल्यालं. मूल तिलाबी झालं न्हाई. पन मालकांचं समदं तिच्याकडंच. भाकर तिच्या हातची, पानी तिच्या हातचं.

मालक पडल्यावर रतीब तिनं उचलला. कँपात एक चिनी दातवाला हुता. त्याचा म्हातारा बाप झाडपाल्याचं जानायचा. शेवंतानं त्याला घरी आनलं. गाडी जुपून मालकांना नगरला नेलं मी, आन् नाव झालं तिचं.

म्हाताऱ्यानं पिवळ्या मुळ्या, लाल फुलं, कसलीशी साल दिली. म्हनला, "जो गया वो गया. जो बचा है, उसको ये सँभालेगा." उरल्याला मेंदू राखायचं औषध.

डाक्टरीनबाईला पुडी दावली. ती म्हनाली, "मला यातलं कळत नाही. पण बसवून घोटघोट पाजा. ठसका लागला की थांबा."

काढा मी उकळायची, पाजायची ती. माज्या हातनं दिला की मालक तोंड फिरवायचे. धूर माज्या डोळ्यात, आन् पेला तिच्या हातात. चुलीपेक्षा मीच जास्ती जळत हुते.

म्हातारा पुन्ना आला. म्हनला, "कान में नाम लेके बुलाओ."

आमी दोगी खाली बघाय लागलो. नवऱ्याचं नाव कुनी घेतं व्हय?

"मेरी औरत तो नाम लेके गाली देती थी," म्हातारा हसला.

आमच्यात नाव घ्यायचं ते उखान्यात. आन् उखाना माज्याकडं हुता. पाटाच्या बाईला कोन आडवून नाव घ्यायला लावतंय? एवढी एकच गोष्ट तिच्याकडं न्हवती.

रोज काढा झाला की मी पदर सारखा करून कानाशी वाकायची. "गोठ्यात गाई, गाईंना वैरन ओली, सखारामांचं नाव घेऊन मी घरात आली."

मालक आढ्याकडं बघत ऱ्हायचे.

"आक्का, नवरी दिसता बगा," शेवंता म्हनायची. टोमना का खरं, कळायचं न्हाई.

"तू गप. गोवऱ्या आन."

असंच चाललं. मंग एक दिस सकाळी गाय दावं तोडून कडब्याच्या गंजीत शिरली. शेवंताच्या डोक्यावर हंडा. ती दारातनं वरडली, "सखाराम! आरं सखाराम, गाय सुटली!"

आत बाजंवर मालकांचं तोंड हाललं. "आलो."

जड, वाकडं, पन आलो म्हनले.

शेवंतानं हंडा टाकला आन् माजं पाय धरलं. "आक्का, तोंडातनं गेलं वो. पाप लागंल का?"

"लागलं तर मला लागंल, मी थोरली हाय. आनखी हाक मार."

तिनं मारली. पुन्ना आलो म्हनले.

हळूहळू बोलाय लागले. हात काय आला न्हाई. काढ्यानं झालं का हाकेनं, मला ठावं न्हाई. डाक्टरीनबाई म्हनाली, काहींचं आपसूकबी सुधारतं. मी त्या चिनी म्हाताऱ्याच्या पाया पडले, तर तोच लाजून मागं सरला.

तुमच्या घरात कुनाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर आदी दवाखान्यात न्या. काढा-मुळी डाक्टरला दावल्याबिगर दिऊ नगा. आन् मानसाला नावानं हाक मारा, चांगली खनखनीत. लाज धरून कानात गानी म्हनत बसू नगा.

मालक जाऊन लई वर्सं झाली. शेवंता आन् मी एकाच चुलीवर खातो. आलो म्हनले ते तिला. ते अजून सलतंय मला. पन आले.