भावासाठी धरलेले उपास

मूर्खपणाची परीक्षा असती तर मी महाड तालुक्यात पहिली आले असते.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही किडनी देऊ शकता. पण आधी तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरवा. उपाशी मात्र राहायचं नाही. भात, साखर कमी करा. कडधान्यं, पालेभाजी, अंडी, मासे, नाचणीची भाकरी खा. रक्त चांगलं राहिलं पाहिजे."

हे मला सांगत होते! नाते गावाजवळच्या आमच्या वाडीत मी अंगणवाडी चालवते. पोटुशा बायांना हेच सांगून सांगून माझा घसा बसलाय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते माझ्यावरूनच निघालं असावं.

वाडीत सल्ल्याला काय तोटा! एक म्हणाली, सकाळी गरम पाण्यात लिंबू पी. दुसरी म्हणाली, रात्रीचं जेवण सोड. तिचं स्वतःचं वजन बघितलं असतं तर मी तिथेच शहाणी झाले असते. शेजारीण म्हणाली, "आपल्या उपासासारखं दुसरं काय हाय गो? वजन पण उतरंल नि भावाला देव पण पावंल." हे मला पटलं. एका दगडात दोन पक्षी! देवाशीसुद्धा घासाघीस करणारी जात आमची.

सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. एकादशी, चतुर्थी होत्याच. उपासाला वाटीभर साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, आणि मध्ये चहा, चहा, चहा. साबुदाण्यात पिठाशिवाय काय असतं, हे मीच तक्त्यावर लिहून भिंतीला लावलंय. पण उपासाचं म्हटलं की आम्हा बायकांची अक्कल चुलीत जाते. उरलेल्या दिवशी काकडी नि ताक. भूक लागली की मला उलट बरंच वाटायचं. भावासाठी सोसतेय ना मी! सोसण्याची हौस फार.

भावजय बिचारी डॉक्टरांचा कागद पाठ करून बसली होती. दासगावहून मासे मागवायची, मटकीची उसळ करायची, शेवग्याचा पाला निवडायची, नि भाकरीसकट ताट झाकून माझ्या दारात आणायची. मी ताट परत पाठवायचे. "आज उपास." "आज मासे चालत नाहीत." अंड्याला तर मी हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ताट घेऊन यायची.

तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. ब्लाउज आत घेताना मी शेजारणीला दाखवत होते, बघ! चक्कर यायची, केस गळायचे, पण ते कोण सांगतंय.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला नि चष्मा काढला. रक्त कमी झालेलं, साखर वाढलेली. "काय खात होता तुम्ही?"

"उपास होते," मी म्हटलं. अंगणवाडीत पोर मार खाताना बोलतं तसा आवाज निघाला माझा.

"अशी किडनी मी काढू शकत नाही. आधी रक्त भरून काढा. चार-सहा महिन्यांनी बघू."

भाऊ शेजारच्या खुर्चीत होता, भावजय त्याच्या मागे उभी. त्याच्या सुजलेल्या पायांत चप्पल जात नव्हती. ते चार-सहा महिने डायलिसिसवर कुणाला काढायचे होते, ते आम्हा तिघांनाही कळलं. माझी मला इतकी शिसारी आली की वाटलं, तिथेच थोबाडीत मारून घ्यावी.

परतीच्या गाडीतून वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसलो, तेव्हा भावजय बाहेर बघत म्हणाली, "वन्सं, द्यायची नव्हती तर सरळ सांगायचं व्हतं. मी रोज ताट घेऊन येत व्हते, तेव्हा सांगायचं व्हतं."

देवाची शपथ घेऊ म्हटलं तर त्या देवाच्या नावानंच सगळा घोळ घातलेला.

"गप गो," भाऊ तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताये, सकाळपासून तुझ्या पोटात काय नाय. घरी गेल्यावर आधी जेव."

भावजय खोटं बोलते, असं मात्र तो म्हणाला नाही.