चार नंबर खुडूक बसली

नंबरमावशीबद्दल गल्लीत अशी बोलवा आहे की, तिने कोंबड्यांना दवाखान्यातल्या पेशंटांची नावं ठेवली आहेत आणि ज्याने डॉक्टरांचं बोट चावलं त्याच्या नावाची कोंबडी आधी सुरीखाली जाते. हे साफ खोटं आहे. मावशीच्या कोंबड्या म्हातारपणाने मरतात, त्याही सावकाश. आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत.

मावशी दातांच्या दवाखान्यात दाराशी टेबल मांडून बसते. "बसून घ्या, नंबर आला की हाक मारते," हे वाक्य दिवसभर एकाच पट्टीत म्हणून म्हणून तिचा गळाच तसा बसलाय. घरी मागच्या अंगणात दाणे टाकतानाही तोच सूर. "दोन नंबर, मध्ये घुसायचं नाही. तीन नंबर, तुमचं झालंय ना? मग बाहेर थांबा." कोंबड्या ऐकत नाहीत. पेशंटही ऐकत नाहीत. मावशीची दोघांबद्दल काही तक्रार नाही.

भिंतीपलीकडे कंडक्टरकाका राहतात. ते निवृत्त झालेत, पण खुराड्याच्या दाराशी अजूनही "चला, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे" म्हणतात. आत कधीच भरपूर जागा नसते. अंधार पडायच्या आधी दोन्हीकडची खुराडी बंद झाली की दोघं भिंतीला टेकून प्रवासाच्या गप्पा मारतात. म्हणजे काका मारतात.

"मावशी, काय तो डोंगर! काय ती हवा!"

"पांघरूण जाड होतं का?"

"होतं की."

"मग बरं."

काका जरा मनात आलं की पिशवी उचलतात. त्यांच्यामागे त्यांच्या कोंबड्या मावशी सांभाळते. दोघांत एक रीत ठरलेली आहे. जो गावाला गेला त्याच्या कोंबड्यांची अंडी, जो मागे राहिला त्याची. त्यामुळे काका जितके हिंडले, तितकी मावशीकडे ऑम्लेटं झाली. मावशी स्वतः कुठे जायची नाही. समुद्राकाठी तिची थोरली बहीण एकटी राहते. ताई बोलवायची आणि मावशी म्हणायची, "कोंबड्यांचं कसं होणार?" एकदाच गेली होती, तर दुसऱ्या दिवशी दुपारी परत. उशी मऊ होती, असं कारण सांगितलं.

यंदा ताईचा फोन आला. "घर विकलं मी. पावसाळ्यापूर्वी द्यायचंय. आता आलीस तर आठवडाभर राहा, नाहीतर येऊच नकोस. तुला बहीण हवी की कोंबड्या, ते मला एकदा कळू दे."

मावशी भिंतीशी आली. "काका, आठवडाभर बघाल का?"

काकांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा खिडकीची जागा मिळाल्यासारखा झाला. "मावशी, तुम्ही डोळे मिटून जा!"

काका प्रामाणिक माणूस. इतकी वर्षं आपल्या कोंबड्या हिने राखल्या, आता ही पहिल्यांदाच आठवडाभर जातेय, तर हिची अंडी आपण कशी खायची? परत येईल तेव्हा सगळीच्या सगळी हिच्या हातात ठेवू. म्हणून त्यांनी अंडी उचललीच नाहीत. जिथली तिथे, गवतात राहू दिली. आता काकांच्या कोंबड्या सगळ्या दुकानी जातीच्या, अंडं घालून मागे वळून न बघणाऱ्या. मावशीची चार नंबर मात्र संसारी. समोर अंड्यांचा ढीग दिसताच तिने त्यावर पंख पसरले आणि उबवायला खुडूक बसली. ना दाणा, ना पाणी. हात नेला की काकांचं मनगट फोडायची.

काकांनी समुद्राकाठी फोन लावला. "मावशी, चार नंबर उठत नाहीये! मी पुढे सरका म्हणून बघितलं!"

"अंडी उचलली नव्हती का?"

"तुमच्यासाठी ठेवली होती हो."

ही हकिगत लिहिणारी, म्हणजे काकांची पुतणी, शेजारीच उभी होती. तिने फोनमध्ये तोंड घातलं. "मावशी, तू संध्याकाळच्या बसने येतेस. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर माझं खुराडं तू घासायचं."

तिकडे ताईने सगळं ऐकलं होतं. ती उठली. मावशीची पिशवी भरली, दाराशी नेऊन ठेवली आणि पाठ फिरवून भांडी पुसत बसली. एकच भांडं पुसत होती.

मावशीने पिशवीकडे बघितलं. तिला चार नंबर दिसत होती, पिसं फुगवलेली, उपाशी. पाय दाराकडे वळलेसुद्धा. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला आणि दवाखान्याचा आवाज काढला. "काका, घाबरू नका. दुखणार नाही. अंडी काढा. तिला जाळीच्या पेटीत ठेवा, खाली विटा लावा, गवत अजिबात नको. पोटाला वारा लागला की डोकं ताळ्यावर येतं. पाणी समोर ठेवा. आणि मला उद्या फोन करू नका."

फोन ठेवून तिने पिशवी उघडली, त्यातला टॉवेल खांद्यावर टाकला. "ताई, ते भांडं झिजेल. चल, पाण्यात जाऊन येऊ."

"बस चुकेल तुझी," ताई म्हणाली.

"चुकू दे."

संध्याकाळी काका आणि पुतणी स्टॉपवर जाऊन उभे राहिले. बस आली. माणसं उतरली, एक गादी उतरली, एक सायकल उतरली. काका सवयीने आत डोकावून सगळ्या सीटा बघून आले.

"कोणी नाही गं," ते म्हणाले. "घरी ब्रश आहे का तुझ्याकडे?"