पहिलटकरणींचा पत्ता

माझा प्रबंध चांगला झाला असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो. म्हणणाऱ्याचा नव्हे, प्रबंधाचा. नव्वदच्या दशकात तो लिहिला. तेव्हा मी सांगलीत नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते आणि एम.एस्सी.साठी शहरातल्या एका कॉलेजात नाव घातलं होतं. विषय माझा मीच निवडला, कारण वॉर्डात रोज जे दिसायचं ते मला बघवत नव्हतं.

बाळ जन्मलं की पहिले दोन-तीन दिवस आईचं दूध पिळून टाकायचे. हे चिकाचं दूध. घट्ट, पिवळसर, बाळाला आजारांपासून जपणारं. घरच्या बायका त्याला नासकं म्हणायच्या. आणि बाळाच्या तोंडात काय, तर कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी, नाहीतर शेळीचं दूध. गोठ्यात गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजायचा असतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. उरलेल्याचा खरवस करून आळीभर वाटतील. नातवाच्या वेळी मात्र तोच चीक परसात ओतायचा. मी वॉर्डात ओरडून दमले होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ठरवलं की बाळंतपणानंतर ओरडण्यापेक्षा आधीच शिकवावं, आणि शिकवल्यानं फरक पडतो का ते नीट तपासून कागदावर आणावं. कागदावर आलं की सरकार ऐकतं, असा माझा तेव्हा समज होता.

योजना सरळ होती. कुंडलच्या बाजूच्या एका गावात आरोग्य केंद्रात गरोदर बायका तपासणीला यायच्या. त्यांना चित्रं दाखवून शिकवायचं. मग बाळ झाल्यावर चार दिवसांत घरी जाऊन विचारायचं, बाळाला पहिलं काय दिलं?

माझ्या मार्गदर्शक मॅडम शहरातल्या, कडक शिस्तीच्या, इस्त्रीची घडी न मोडणाऱ्या. त्यांनी दोन सुधारणा सुचवल्या. एक, फक्त पहिलटकरणी घ्या, कारण आधीचं मूल असलं की बाईच्या सवयी ठरून गेलेल्या असतात. दोन, खेड्यात घरातला निर्णय सुनेच्या हातात नसतो, तेव्हा सासूलाही शिकवा. दोन्ही मुद्दे मला इतके पटले की मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. विषय मंजूर करणाऱ्या कॉलेजच्या समितीतल्या सगळ्यांनीही माना डोलावल्या.

सासवांना शिकवणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. प्रश्न सुनेला विचारावा, उत्तर सासूनं द्यावं. सुनेला मळमळतं का, पाय सुजतात का, हेसुद्धा सासूच सांगणार, आणि सून पदराचं टोक पिळत भिंतीकडं बघणार. पण मी चिकाटी धरली. भिंतीवर चित्रं लावली, आणि चित्रांनी जमलं नाही तिथं गोठ्यातलं वासरू पुढं केलं. वासराचं उदाहरण मात्र बरोबर लागायचं.

त्यातली एक सासू तर माझी हक्काची प्रचारक झाली. उसाचं रान, मुलगा सैन्यात, बाई धिप्पाड आणि आवाज त्याहून मोठा. पहिल्या दिवशी तिनं मला उडवून लावलं होतं. तिसऱ्या खेपेला ओट्यावर बसून बाकीच्या बायकांना तीच सांगत होती, "आवं, वासराला पाजतो आन नातवाचं वतून टाकतो. आमी बी काय शानी म्हणायची." तिची सून जतकडची. माहेरी निम्मं कानडी, त्यामुळं ती मराठी जपून बोलायची, आणि सासूसमोर तेही नाही. पण ऐकायची मन लावून. एकदा सासू इंजेक्शनच्या रांगेत गेली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, पयल्या तासात म्हंजे नाळ कापल्यावर लगीच का?" मी म्हटलं, हो, लगेच. तिनं मान हलवली. ही मुलगी नक्की पाजणार, याची मला खात्री झाली. बाकी कुणाचं काय व्हायचं ते होवो, हिचं बाळ चिकाचं दूध पिणार.

दिवस भरत आले तशी मी गावात घरोघर निघाले. पहिलं घर तिचंच. सासू अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"ती व्हय? ती म्हायारी गेली की," ती म्हणाली. "सातव्यातच वटी भरून लावली. जतकडं."

दुसऱ्या घरी गेले. सून शिरवळला, वडील तिथं कारखान्यात. तिसरी साताऱ्याच्या पुढं कुठंतरी. चौथ्या घरी सासूनं मला चहा दिला आणि उलट मलाच विचारलं, "पयली खेप हितं कोन ठेवून घेतंय, बाई?"

मी त्या ओट्यावर कपाळाला हात लावून बसले. पहिलटकरीण माहेरी जाते, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. आणि आम्ही शिकली-सवरलेली माणसं पहिलटकरणींचा पत्ता म्हणून प्रत्येकीच्या सासरचं घर लिहून बसलो होतो. मी महिनोन् महिने जीव तोडून सासवांना शिकवलं होतं, आणि बाळ हातात घेणार होती मुलीची आई, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बसस्टँडजवळच्या एस.टी.डी. बूथमधून मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "थोडी गळती प्रत्येक अभ्यासात असते. ज्या सापडत नाहीत त्या सोडून द्या."

"मॅडम, ही गळती नाही," मी म्हटलं. "पातेलंच फुटकं आहे."

"मुदत संपत आलीये," त्या म्हणाल्या. "जमेल तितका नमुना गोळा करा."

नमुना म्हणजे त्या मुली.

मग मी एस.टी.नं हिंडायला लागले. सुट्टी मिळेल तेव्हा, कधी बिनपगारी. शिरवळला हायवेवर उतरून त्या मुलीच्या वडिलांची खोली शोधली, तर तिला मामानं पुण्याला नेलेली. साताऱ्याकडची सापडली, पण तिच्या आजीनं मला दारातच थोपवलं. बाळंतिणीच्या खोलीत परक्या बाईची सावली नको, म्हणे. मी सिस्टर आहे असं सांगितल्यावर तर दार पूर्णच लागलं. नाकी नऊ आले. घरी आले की नवरा काही विचारायचा नाही, फक्त ताट वाढायचा, आणि मला त्याचाही राग यायचा.

जतला जायचंच असं मात्र मी ठरवलं होतं. ती मुलगी सोडून द्यायला माझं मन तयार नव्हतं. मिरज मागं पडलं, कवठेमहांकाळ गेलं, तसा ऊस संपत संपत नाहीसा झाला. मग नुसती माळरानं, मेंढरं आणि ज्वारीचे वाळके सड. तिच्या गावात पोचले तेव्हा पाण्याचा टँकर आला होता आणि सगळं गाव घागरी घेऊन त्याच्या मागं होतं. घर विचारत गेले. मुलीची आई टँकरवर गेलेली. आत अंधाऱ्या खोलीत मुलगी बाजेवर, शेजारी बाळ. जन्मून तीन दिवस झाले होते.

उशाशी वाटी होती. वाटीत शेळीचं दूध आणि त्यात बुडवलेला कापसाचा बोळा.

मुलीच्या अंगात ताप होता. छाती दगडासारखी कडक झालेली, हात लावू देत नव्हती. मला बघून ती रडायला लागली. "म्या सांगितलं व्हतं, बाई. नाळ कापल्या कापल्या सांगितलं. अव्वानं आयकलंच न्हाई. परसात पिळून टाकलं समदं."

तेवढ्यात तिची अव्वा, म्हणजे आई, आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी. ती खाली ठेवायच्या आधीच मी तिच्यावर तुटून पडले. मुलगी सांगत होती तर ऐकायला काय झालं, बाळाचं किती नुकसान केलंत, मुलीला ताप कशानं आला ठाऊक आहे का. काय काय बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. घागरी कोपऱ्यात ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं.

"वरडू नगासा, बाई," ती म्हणाली. "पोरगी आमची हाय, पर नातू त्यांचा. आमच्याकडं ठेव दिल्यावानी हाय. हितं काय इपरीत झालं, तर जलमभर पोरीला आयकाय लागंल, तुज्या आईनं न्हाई ते पाजलं म्हणून. म्हणून समदी करत्यात तेवडंच आमी करतो."

"अहो, पण तिच्या सासूनंच कबूल केलंय!" मी म्हटलं. "ती तर गावभर सांगत फिरतेय, चीक पाजा म्हणून."

बाई माझ्याकडं वळली. "मला कुटं सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही विचारायचं."

"मी कशी इचारू? इहीनबाई बारशाला येतील तवा बोलणं. त्याआदी आमी इचारायचं न्हाई आन त्यांनी सांगायचं न्हाई." मग बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, "आदी कळलं असतं तर मी पाजलं असतं. माज्या शेरडाच्या पिलाला न्हाई व्हय मी पाजत?"

दोन बायका. एक कुंडलकडं, एक जतकडं. दोघीही पाजायला तयार. आणि दोघींच्या मध्ये व्याह्यांचा मान असा आडवा पडलेला की एवढासा निरोपही इकडून तिकडं जाईना. तो निरोप मी सहज पोचवला असता. पण माझ्या योजनेत मुलीच्या आईसाठी जागाच नव्हती.

गरम पाण्याचा शेक देऊन मी मुलीची छाती मोकळी केली, बाळाला लावलं. बाळ प्यायलं. पण ते आता साधं दूध होतं. जे द्यायचं होतं ते परसात जिरलं होतं. आईनं मला भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि तिनं आग्रह केला याचाच मला जास्त त्रास झाला.

परत आल्यावर मी थेट मॅडमकडं गेले. म्हटलं, अभ्यास बदलू या. पहिल्या दुधाचा निर्णय माहेरी होतो, आणि माहेरची आई सासरच्या भीतीनं जुनंच करते. एवढं मला सापडलंय. आता दोन्हीकडं शिकवू, निरोप पोचवू, आणि बघू. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हा वेगळा विषय झाला. पुन्हा समिती, पुन्हा परवानगी. पीएच.डी.ला घ्या."

तेव्हा माझ्याकडं उरल्या त्या मुली, ज्या बाळंतपणाला सासरीच राहिल्या होत्या. त्यांच्या घरी गेले आणि एकामागून एक कळत गेलं की त्या का राहिल्या. एकीची आई लहानपणीच गेलेली. दुसरी चुलतीनं वाढवलेली, आणि चुलती नेणार नव्हती. तिसरीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं, तिला ते दार बंद. बाकीच्यांचंही असंच काहीतरी. त्यांच्या घरी सासूच आई होती, आणि सासू तर माझ्या हाताखाली शिकलेली. तिथं बाळं चिकाचं दूध प्यायली. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तक्ता तयार झाला तेव्हा तो इतका सुंदर दिसायला लागला की मला तो फाडावासा वाटला. सासूला शिकवलं की फरक पडतो, असं त्यातून निघत होतं. माहेर नसलेल्या मुलींच्या जोरावर.

अभ्यासाच्या मर्यादा लिहायच्या पानावर मी हे स्पष्ट लिहिलं. मॅडमनी ते खोडून एका ओळीत आणलं, 'काही माता अभ्यासकाळात स्थलांतरित झाल्या.' स्थलांतरित! जशी काही धरणग्रस्त.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ बाई आल्या होत्या. पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आयुष्य नर्सिंगमध्ये घालवलेल्या. त्यांना प्रबंध फार आवडला. खेड्यातला, मातीतला अभ्यास, असं म्हणाल्या. सासूची भूमिका तुम्ही बरोबर पकडलीत, असंही म्हणाल्या. मी न राहवून सगळं सांगितलं, माहेरचं, जतचं, निरोपाचं, उरलेल्या मुलींचं. त्या मान हलवत राहिल्या, पण डोळे तक्त्यावरच होते. मॅडम बाजूनं मला डोळ्यांनी दटावत होत्या.

"बाई," मी शेवटी विचारलं, "तुमचं स्वतःचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

त्या जरा चकित झाल्या, मग मनापासून हसल्या. "माहेरी, कऱ्हाडला," त्या म्हणाल्या. "आणखी कुठं होणार?"

आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून, सासवांसाठीचा हा कार्यक्रम जिल्हाभर राबवावा, असा शेरा लिहिला.