वेशीच्या आत राहिलेले

वासुदेव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमला कोर्टाच्या आवारात एका साक्षीसाठी थांबलो होतो. फोन त्यांच्या घरमालकाचा. "भाऊ, सर गेले. जेवून खुर्चीत बसले, ते बसलेच." मालेगावच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि गाडी हलली तसा सरांचा आवाज कानात सुरू झाला… वर्गातला, संथ, ठाय लयीतला. तो आवाज जेरुसलेमची गोष्ट सांगत होता. गेले कित्येक आठवडे तो थांबलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही वाशीमजवळच्या मालेगावच्या एकाच शाळेत होतो. ते इतिहास शिकवत, मी मराठी. वर्गांच्या मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा तास मलाही ऐकू यायचा. पुस्तकात जेरुसलेमचा वेढा दोन ओळींत आटोपलेला. सर त्यावर अख्खा तास घालवत. ख्रिश्चनांच्या ताब्यातलं पवित्र शहर, चहूबाजूंनी सुलतानाची फौज, तटाला पडलेलं खिंडार, आणि देवळात जमून रडणारी माणसं. शहर राखणारा सरदार सुलतानाच्या तंबूत जातो. सुलतान आधी नाही म्हणतो. तेव्हा सरदार सांगतो, मग आम्ही आमच्या हातानं हे शहर, ही पवित्र स्थानं उद्ध्वस्त करू आणि मगच मरू. सुलतान विचारात पडतो. ठरतं, की कत्तल होणार नाही. खंडणी भरेल तो मोकळा. वेस उघडते. धर्मगुरू गाड्या भरभरून संपत्ती घेऊन निघतो. "अन् ज्याइच्यापाशी काहीच नव्हतं?" कुणीतरी पोरगं विचारायचंच. सर खडू खाली ठेवत. "त्याइच्यातले लई जन आत राह्यले. गुलाम झाले." मग तास संपायला वेळ असला तरी ते फळा पुसायला घेत.

ही गोष्ट त्यांना एवढी का लागते, हे मला खूप उशिरा कळलं. एकदा शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. सर तरुण असताना त्यांचं गाव धरणात गेलं. गावकरी उठायला तयार नव्हते. त्या पावसाळ्यात पाणी तीन बाजूंनी आलं, चौथ्या बाजूच्या टेकडीवर अधिकाऱ्यांच्या जीपा. सगळं गाव महादेवाच्या देवळात जाऊन बसलं. शिकलेले म्हणून बोलणी करायला सरांना पाठवलं. त्यांनी साहेबाला सांगितलं, आम्ही पिंडीपाशी बसून बुडू, मग तुम्ही काय ते उत्तर द्या. साहेब घाबरला. घराला घर मिळेल, सामानाला ट्रक येतील, देव वाजतगाजत नेऊ, सगळं कबूल झालं. अट एकच होती, घर नावावर पाहिजे. गावाच्या कडेला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची काही घरं होती, दुसऱ्याच्या जागेवर उभी. सर त्यांच्यासाठी भांडले, पण पाणी चढत होतं. शेवटी ते अट मान्य करून परत आले आणि लोकांना म्हणाले, बांधाबांध करा.

"गाव निघालं, भाऊ. बैल, कोंबड्या, दळायची जाती… समदं. तांड्यावरची धुरपताबाई गाठोडं घेऊन वाटेत उभी होती. मले म्हने, मास्तर, यादीत आमचं नाव आलं का? म्या म्हनलं, येईल." कपातला चहा गार झाला होता. "येनार नाई हे मले ठाऊक होतं."

तांड्यावरची माणसं पाणी घरांना टेकायच्या आधी कुठं पांगली, कुणालाच माहीत नव्हतं. कुणी ऊसतोडीला गेले म्हणे, कुणी वीटभट्टीवर. सरांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ते एकटेच दरवर्षी रामनवमीला पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या मोठ्या यात्रेला जात. नवस नव्हता, फारशी भक्तीही नव्हती. दूरदूर कामाला गेलेली माणसं त्या यात्रेला परततात, म्हणून ते गर्दीत उभे राहून तोंडं बघत. सर निवृत्त झाल्यानंतरच्या एका वर्षी मीही सोबत गेलो. ऊन मरणाचं. एका लिंबाखाली एक बाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. सर तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. मग जवळ जाऊन विचारलं, "तू धुरपताबाईची कोन?"

"लेक. शेवंता. तुमी कोन म्हना?"

"तुही माय?"

"गेली. भट्टीवरच गेली." ती भाकरीचा तुकडा मोडत सहज सांगत होती. "लई वर्सं गाठोडं सोडूच देत नव्हती. म्हने, मास्तरनं सांगतलं हाय, नाव येनार हाय. आमी हासो."

सर खाली बसले. म्हणाले, "तो मास्तर मीच हावो, बाई."

शेवंतानं त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नाही, रडलीही नाही. पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "घ्या. उनाचे आले." सरांनी तांब्या हातात धरला.

मालेगावशेजारच्या नव्या गावठाणातलं, धरणाच्या बदल्यात मिळालेलं आपलं घर त्यांनी त्याच वर्षी शेवंताच्या नावावर करून दिलं आणि स्वतः मालेगावला भाड्याच्या खोलीत आले. शेवंता राहायला आली, पण हंगाम लागला की अजूनही कामाला बाहेर जाते. मी एकदा म्हटलं, सर, आता तरी शांत व्हा. ते म्हणाले, "शांत कायले व्हायचं? म्हातारी तर आतच राह्यली ना."

तेरावं झाल्यावर खोली रिकामी करायला आम्ही गेलो. शेवंताही आली होती. सामान फार नव्हतं. खाट, पुस्तकं, दोन भांडी, सारं एका टेंपोत मावलं. सरांची एक सवय होती. वर्ग असो, लग्नाचा मांडव असो, एसटी असो, ते सगळ्यांत शेवटी बाहेर पडत आणि दारात थबकून एकदा मागं वळून बघत. आम्ही सगळे पुढं जाऊन वैतागून त्यांची वाट बघायचो. त्या दिवशी सगळे खाली उतरले, माझ्या हातात कुलूप होतं, आणि मी दारात थबकून मागं वळलो. रिकामी खोली… भिंतीवर खुर्चीच्या पाठीनं घासून पडलेला डाग.

"चला ना भाऊ," शेवंतानं खालून हाक मारली. "आत कोनी नाई आता."