खाजणाची मालकीण

मी चौथी शिकलेला माणूस. कतारला, दोह्यात, काँक्रीट ओतायच्या आधी दोन बाजूंनी मारतात त्या शटरिंगच्या फळ्या ठोकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शेवटी फोरमन झालो, म्हणजे ठोकायचं काम दुसऱ्यांचं आणि ओरडायचं माझं. दोन हजार सालानंतर थोरल्या मुलाला गॅसच्या कंपनीत नोकरी लागली, त्यानं फ्लॅट घेतला, आणि माझी घरकारीण, म्हणजे बायको, गावाहून आमच्याकडे राहायला आली. आयुष्यात पहिल्यांदा मला रोज ताटात गरम भाकरी मिळायला लागली. ते दिवस बरे गेले. थोडे गेले, पण बरे गेले.

आमचं गाव पार खाली, दक्षिण कोकणात. खाडीला लागून आमचं खाजण आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेली भातजमीन, तिला आम्ही खाजण म्हणतो. ही जमीन ज्यानं पहिल्यांदा काढली तो त्या भागातला पहिला जमीनदार. आमचा मूळपुरुष. बांधाच्या टोकाला वडाखाली त्याचा पाषाण आहे. तुळशीचं लग्न झालं की तिथे नारळ ठेवायचा. माझ्या बापानं ठेवला, मी ठेवला. दोह्यातल्या मेसमध्ये कोणी फुशारकी मारायला लागला की मी त्याला हा जमीनदार सांगून गप्प करायचो.

मोठ्या पाषाणाच्या शेजारी एक छोटा पाषाण आहे. आमची ही दर वर्षी त्याची ओटी भरायची. हिरव्या बांगड्या, खण, तांदूळ. दोह्यात आल्यावरसुद्धा तिनं ते सोडलं नाही. स्वयंपाकघरात पाटावर एक नारळ मांडायची, त्यालाच बांगड्या वाहायची. मी म्हणायचो, "कोण गो ही? माझी सवत काय?"

ती म्हणायची, "मालकीण ती. हसा नको."

झालं. पुढे मी विचारलं नाही, कारण बायकांचं ते बायकांनी बघावं असं आमच्याकडे असतं.

त्या वर्षी ती गणपतीसाठी घर सारवून-रंगवून घ्यायला गावी पुढे गेली, आणि चतुर्थीच्या तोंडावर तिथेच गेली. आम्ही विमानानं पोचलो तेव्हा तिला बर्फावर ठेवली होती. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

दहावा व्हायचा होता आणि सहाव्याच दिवशी चतुर्थी आली. सुतकात गणपती आणत नाहीत. गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची आमची माटी रिकामी. संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो आणि खाजणाच्या पलीकडच्या घरातून झांजा वाजायला लागल्या. आरती! त्या घराचा पुरुषही दोह्यात, एका कंपनीत स्टोअरकीपर. आमच्या दोघांची आडनावं वेगळी, पण तेही त्याच पाषाणाला नारळ ठेवतात. म्हणजे भावकी. भावकीत माणूस मेलं की सगळ्यांनाच दहा दिवस सुतक. आणि हे टाळ कुटतायत! मी मनात म्हटलं, आता याच्या दारात पाय ठेवणार नाही.

दोह्याला परत आलो. थंडीत एक दिवस धाकटा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. हा वेअरहाऊसमध्ये कामाला, तिशीला टेकलेला, लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. आता आपणहून म्हणाला, "बाबा, मुलगी बघितली आहे."

"कोणाची?"

त्यानं त्या पलीकडच्याचंच नाव घेतलं. मुलगी इथेच हॉस्पिटलात नर्स.

मी म्हटलं, "बहीण लागते ती तुझी, गाढवा!"

थोरली सून चहा गाळत होती. ती म्हणाली, "बाबा, आडनाव वेगळं आहे ना?"

"आमच्याकडे एका भावकीत तीन-तीन आडनावं सापडतील."

"मग गोत्र?"

"आमचा भटजी येईल त्याला काश्यप सांगतो. तुलाही सांगेल."

धाकटा म्हणाला, "आईला माहीत होतं. ती म्हणाली होती, हे लग्न चालतं म्हणून."

मेलेल्या माणसाचं नाव पुढे केलं, आता खरं-खोटं कोणाला विचारणार? पण मला ते खरं वाटलं नाही. आणि त्यानं तर जेवण टाकलं. तिशीचा घोडा, कामावरून यायचा आणि पाणी पिऊन झोपायचा. "तिच्याशी नाही तर कोणाशीच नाही," एवढंच बोलायचा. आईवाचून पोरगा आधीच अर्धा झालेला, त्याला मी असा वाळताना बघू शकत नव्हतो. म्हटलं, चला, तोंडावर विचारून खलास करू.

शुक्रवारी थोरल्यानं गाडी काढली. समैस्माला, दोह्याबाहेरच्या समुद्रावर. पलीकडचा त्याच्या घरच्यांना घेऊन आधीच चटई पसरून बसला होता. मुलगी मला बघून उठून उभी राहिली, डोक्यावर ओढणी घेतली. पोरगी चांगली होती, हे मला बघता क्षणी कळलं, आणि त्याचा जास्तच राग आला.

मी बसायच्या आधीच सुरू केलं. "काय रे, भावकीतली सून मेली आणि तुम्ही गणपती आणलात? लाज नाही वाटली?"

तो भडकला नाही. हातातला थर्मास खाली ठेवला. म्हणाला, "दादा, सुतक असतां तर आम्ही गणपती आणलो असतो काय?"

या माणसाची आई ऐंशीच्या पुढची. तांदळाच्या दाण्याला शिवताना आपण पारोशी नाही ना हे दोनदा बघणारी बाई. ती सुतकात गणपती येऊ देईल? कधीच नाही. मग तिच्या हिशेबी सुतक नव्हतंच.

"लाव फोन तिला," मी म्हटलं.

त्यानं फोनच्या कार्डावरचा नंबर खरवडून गावच्या घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हातारीला ऐकू कमी, म्हणून ती ओरडते आणि आपणही ओरडायचं. शेजारच्या चटईवरची मंडळी वळून बघायला लागली.

"काकी, आमचा-तुमचा सुतक असता काय?"

"खुळो की काय रे तू? तुमचा सुतक आमका खयसून? सोयऱ्यांचे तीन दिवस ते मी पाळलंय. आणि तुमच्या घरात पेज खयसून येय होती, आभाळातसून?"

पेज रोज यायची, हे खरं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, कोणीतरी आणून द्यायचं. पातेलं कोणाचं हे बघायची शुद्ध तेव्हा कोणाला होती?

"पण काकी, मूळपुरुष एकच ना आपलो?"

"तो आमचो! तुमचो मूळपुरुष तो तेचो जावय. घाटावरसून इलेलो. दरवर्षी बांध फुटा होतो, तो तेणी बांधून दिल्यान. म्हाताऱ्यान खूश होवन तेका आपली लेक, आपला चेडू दिल्यान, आणि खालचा खाजण चेडवाच्या नावान केल्यान. तो बारको पाषाण मगे कोणाचो, त्या चेडवाचोच मा? तुझ्या घरकारणीक सगळा म्हायत होता. तिच्या सासून तिका सांगल्यान."

फोन बंद झाला. मग पलीकडच्याला हसू फुटलं ते थांबेना. चटईवर आडवाच झाला.

"म्हणजे दादा, इतकी वर्षां तुम्ही आमच्या मूळपुरुषाक नारळ ठेवतास! घरजावई ते घरजावई, आणि वर मान ताठ!"

मी म्हटलं, "आणि आमचा बांध नसता तर तुझ्या शेतात आज मासे असते."

"त्यासाठीच पोरगी देतंय. परत फुटलो तर?"

सगळे हसले. धाकटा हसला नाही. तो समोसे खायला लागला होता. एकामागून एक. सुनेनं त्याच्यापुढे डबाच सरकवला.

परत येताना मी गाडीत हिशेब करत होतो. माझा जमीनदार गेला होता. मेसमध्ये ज्याच्या जिवावर बोललो तो दुसऱ्याचा निघाला, आणि माझ्या वाट्याला आला चिखल थापणारा एक परमुलखातला माणूस, बायकोच्या जमिनीवर राहिलेला. थोडा वेळ वाईट वाटलं. मग हायवेला लागल्यावर वाटलं, फोरमनच असणार तो. बांध घालायचा म्हणजे आधी दोन बाजूंनी फळ्या मारल्या असणार त्यानं. हे काम मला समजतं. जमीनदारी मला काय समजत होती?

लग्न मे महिन्यात गावीच झालं. तुळशीच्या लग्नाला आम्ही रजा काढून पुन्हा गेलो. नव्या सुनेच्या हातात खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या दिल्या. ती छोट्या पाषाणासमोर बसली आणि मान वर करून म्हणाली, "बाबा, आई इथे काय म्हणायच्या?"

आमची ही काहीतरी पुटपुटायची खरं. ऐकायला मी तिथे कधी उभा नसायचो.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "तुझ्याच घरची आहे ती. तुमच्यात काय बोलतात ते बोल."

ती बोलली काहीतरी. बराच वेळ बोलत होती. मी मोठ्या पाषाणाकडे गेलो, नारळ काढला, आणि दर वर्षी मधोमध ठेवायचो तो या वेळी जरा बाजूला ठेवला, जावयानं ठेवावा तसा. पलीकडचा आपला नारळ घेऊन मागे उभाच होता. मी त्याला जागा करून दिली.