वाघदेवाचा बफर झोन

"मॅडम, ही बाटली तुमच्या ग्रुपची आहे का?"

घारापुरीच्या लेण्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाला उभा होता. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. आतलं पाणी मात्र दुधासारखं पांढरं होतं आणि वर फेस आला होता. त्याने झाकण जरा सैल केलं, तर बाटलीने फस्सकन आवाज केला आणि मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी नाकाला पदर लावला.

"आमचीच आहे," मी म्हणाले. नाकारण्यात अर्थ नव्हता. बाटलीचे मालक लहानू भगत माझ्या शेजारीच उभे होते, आणि ती परत मिळावी म्हणून त्यांनी हात पुढे केला होता.

"ताडी आहे ही," सिक्युरिटीवाला म्हणाला.

"हां, ताडी," भगत म्हणाले. "ताजी हाय. देवाला आणलीय."

सिक्युरिटीवाल्याने माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं. त्यावर 'हेरिटेज कन्सल्टंट' असं छापलेलं होतं.

"मॅडम, तुम्ही तरी यांना समजावून आणायचं ना!"

खरं म्हणजे समजावण्यासाठीच तर मी त्यांना आणलं होतं.

मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आहे. म्हणजे नवी इमारत बांधणारी नव्हे, जुनी पडू न देणारी. २०१६ साली मी मुंबईतल्या एका लहानशा फर्ममध्ये होते. एका खासगी ट्रस्टला कोकणच्या उत्तर टोकाला एक 'हेरिटेज व्हिलेज' करायचं होतं. गावातली एखादी जुनी, मोलाची गोष्ट शोधायची, तिची नोंद करायची, भोवती कुंपण आणि पाटी लावायची, पायवाट करायची, आणि मग पर्यटक येण्याची वाट बघायची, अशी एकूण योजना. आमच्या करंदीकर सरांनी ते काम माझ्याकडे दिलं.

"तू त्या बाजूचीच आहेस ना?"

मी बोर्डीची. चिकूच्या वाडीत वाढले. काम होतं तलासरी तालुक्यात; तिथल्या आतल्या पाड्यांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की आमच्याकडे चिकू उतरवायला येणारी काही माणसं तिकडून येतात. पण सरांनी नकाशावर दोन्ही नावं जवळजवळ पाहिली होती. मीही गप्प बसले. स्वतंत्रपणे मिळालेलं माझं ते पहिलंच काम होतं.

गावाचं नाव सांगत नाही. शिवेवर एक जुना आंबा आहे आणि त्याच्याखाली वाघदेव. सागाचा कोरीव खांब, माणसाच्या छातीएवढा उंच. वर सूर्य आणि चंद्र, खाली शेपटी उभारलेला वाघ, सगळ्यावर शेंदराचे थरावर थर. बाजूला त्याहून जुने दोन खांब कलले होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. फोटो काढायचेही राहून गेले. एका खांबाच्या बुडाला वाळवी लागली होती. हे वाचवायलाच हवं, असं त्या क्षणी ठरवलं. कुणी मला वाचवायला सांगितलेलं नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

आमच्या धंद्यात आधी 'स्टेटमेंट ऑफ सिग्निफिकन्स' लिहावं लागतं. हे ठिकाण का महत्त्वाचं, ते एका पानात सांगायचं. मी चार पानं लिहिली. मग 'बफर झोन' आखायचा. म्हणजे मूळ जागेभोवती एक गोल काढायचा आणि त्याच्या आत परवानगीशिवाय काही बांधायचं नाही. मी तो कॉम्प्युटरवर काढला. सुंदर गोल आला.

राहिली ग्रामसभेची संमती. तलासरी पेसा कायद्याखाली येते, म्हणजे आदिवासी गावात अशा गोष्टींवर ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी प्रोजेक्टर घेऊन गेले. सरपंच जानकी दुमाडा पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चाळिशीतली ठाम बाई, दुसऱ्यांदा निवडून आलेली. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजे आम्ही करायचं काय?"

"काहीच नाही. आहे तसं ठेवायचं."

"ते तर ठेवलंच हाय."

यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, त्यांनी खरं हेरिटेज पाहिलेलंच नाही. किंमत कशी कळणार? एक्सपोजर व्हिजिट ठेव. वर्ल्ड हेरिटेज साइट दाखव. आपोआप पटेल."

जागतिक वारशाच्या यादीतली, एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा म्हणजे घारापुरी. म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि पहाटे तलासरीहून निघालो. सरपंचबाई, उपसरपंच विलास धोडी, वाघदेवाची पूजा करणारे लहानू भगत आणि आणखी काही गावकरी. विलासला या योजनेत मनापासून रस होता. त्याला हायवेपासून गावापर्यंत कमान हवी होती आणि एक सेल्फी पॉइंट. लाँचमध्ये बसल्यापासून तो सेल्फी पॉइंटचा सरावच करत होता. भगत मात्र पिशवी छातीशी धरून बसले होते. पिशवीत काय आहे ते विचारावं, असं मला वाटलं नाही.

तर आम्ही गेटवर होतो.

शेवटी सिक्युरिटीवाल्याने बाटली आपल्या केबिनमध्ये ठेवली. "जाताना न्या, बाबा. आत काही वाहायचं नाही. फूल नाही, तांदूळ नाही, काही नाही."

"देव हाय ना आत?" भगतांनी विचारलं.

"देव आहे. पण मॉन्युमेंट आहे."

भगतांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आत चला, सांगते."

आत गेल्यावर सगळे गप्प झाले. तिथे होतातच. बाहेरच्या उन्हातून त्या काळोखात गेलं की आधी काही दिसत नाही, आणि मग हळूहळू भिंतीतून तो तीन मुखांचा प्रचंड शिव पुढे येतो. विलासनेसुद्धा मोबाइल खाली केला. मला बरं वाटलं. पटतंय, असं वाटलं.

मी सुरुवात केली. एकाच डोंगरातून हे सगळं कसं कोरलं, मधलं मुख शांत का, एका बाजूचं उग्र का. मग वर्ल्ड हेरिटेज म्हणजे काय ते सांगितलं. "हा वारसा आता एका गावाचा किंवा एका देशाचा नाही. सगळ्या जगाचा आहे."

"जगाचा," सरपंचबाई म्हणाल्या. "मंग गावाचा नाय?"

"गावाचाही आहेच."

"गाववाले कुठं हायत?"

"बाहेर. त्यांचे स्टॉल आहेत."

त्यांनी मान हलवली. आम्ही पुढच्या शिल्पापाशी गेलो. नाचणारा शिव, हातपाय तुटलेले.

"ह्याचं हात काय झालं?" विलासने विचारलं.

"पूर्वी परक्या सैनिकांनी मोडतोड केली, असं सांगतात."

"मंग जोडलं नाय कुणी?"

हा प्रश्न मला आवडतो. "नाही जोडत. जसं आपल्या हाती आलं तसंच जपायचं. नवा हात बसवला तर ते अस्सल राहत नाही. आमच्याकडे त्याला ऑथेंटिसिटी म्हणतात."

भगत पुढे आले. ते म्हणाले, "बाय, आमचा वाघदेव सडला का आम्ही नवा करतो. शेंदूर लावतो, कोंबडं देतो. मंग तो खोटा का?"

"नाही हो बाबा! तुमचा तर जिवंत वारसा आहे."

"नि हा?"

उत्तर माझ्याकडे होतं. पुस्तकात त्यावर सबंध प्रकरण आहे. पण ते मोठ्याने म्हणायची माझी तयारी होईना. भगत परत मोठ्या मूर्तीपुढे गेले आणि दोरीच्या अलीकडे उकिडवे बसले. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. मी जवळ गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "एवढा मोठा देव. भूक लागत आसंल ना याला?"

मीही त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी केबिनमधून बाटली घेतली. गेटच्या पलीकडे एक झाड होतं. त्याच्या बुडाशी पिशवीतले तांदूळ ठेवले, ताडीची धार धरली आणि लेण्यांकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले. सिक्युरिटीवाला दुसरीकडे बघत राहिला. तांदूळ माकडांनी खाल्ले.

खरी एक्सपोजर व्हिजिट झाली ती जेवणाच्या वेळी. पायऱ्यांच्या बाजूला एका मावशींच्या स्टॉलवर आम्ही बसलो. त्या बेटावरच्याच. सरपंचबाई त्यांच्या जवळ सरकल्या आणि चौकशी सुरू झाली.

"लाइट हाय घरात?"

"संध्याकाळी थोडा वेळ. जनरेटरवर."

"समोर तर मुंबई हाय!"

"मुंबईचे दिवे दिसतात की छान. आमच्याकडे केबल कधी येते बघायचं."

"पोरांना घर वाढवायचं झालं तर?"

मावशी हसल्या. "लेणी आहेत ना इथे. वीट लावायची तरी विचारावं लागतं. माझा मुलगा उरणला राहतो."

मी मध्ये पडले. सांगितलं की हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, याचे नियम वेगळे, आपली योजना खूप सौम्य आहे. सगळं खरं होतं. सरपंचबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि मावशींना विचारलं, "नि पाणी?"

परतीच्या लाँचमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तो नकाशा दाखवा, मॅडम. गोलवाला."

मी दाखवला. त्यांनी बोट फिरवलं. "हे माझ्या दिराचं घर. ही अंगणवाडी. ही नवीन टाकीची जागा. हे सगळं गोलात?"

"नवीन काही करताना फक्त परवानगी घ्यायची."

"कुणाची?"

"समितीची."

"नि समिती कुठं?"

"मुंबईला," मी म्हणाले. समोर गेटवे दिसत होता, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी नकाशाची घडी घातली, अगदी मूळच्या घडीवर, आणि माझ्या हातात दिली.

ग्रामसभेला करंदीकर सर स्वतः आले. पांढरा कुर्ता घालून आले. लोक आंब्याखाली जमले होते. सरपंचबाई उभ्या राहिल्या.

"मॅडमनी आम्हाला घारापुरी दाखवली. बेस दाखवली. देव लई मोठा हाय, आम्ही पाया पडलो. पण त्या देवाला तिकीट हाय, दोरी हाय, सोमवारी सुट्टी हाय. तुटला तर जोडायचा नाय. खायला द्यायचं नाय. नि शेजारच्या बाईला घर बांधायचं तर देवाच्या साहेबाला विचारायचं. आमचा वाघदेव लहान हाय. त्याला सुट्टी देऊन चालायचं नाय, रात्री वाघ येतो. म्हणून आपल्याला हे नको. कोणाला पाहिजे आसंल त्यानं हात वर करा."

विलासचा हात खांद्यापर्यंत आला. मग त्याने कान खाजवला.

सरांनी "पुनर्विचार" असा शब्द दोनदा उच्चारला. तो काही झाला नाही. चहा मात्र चांगला मिळाला. निघताना सरपंचबाई माझ्याजवळ आल्या. "रागावू नका. दुसरं कुणी आसतं तर नुसतं कागदावर अंगठे घेऊन गेलं आसतं. तुम्ही दाखवलं म्हणून कळलं."

मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी हे वाक्य सीव्हीमध्ये घालता येईल का, असाही विचार येत होता.

परतताना चारोटी गेल्यावर सर म्हणाले, "तू त्यांना अजिंठ्याला न्यायला हवं होतंस. तिथे जवळ वस्ती नाही."

पुढच्या वर्षी दिवाळीला बोर्डीला आले होते, तेव्हा एक दिवस मुद्दाम तिकडे गेले. लांबूनच काहीतरी चकाकताना दिसलं. वाघदेवाभोवती चौथरा झाला होता आणि त्याला वापीहून आणलेल्या निळ्या बाथरूम टाइल्स लावल्या होत्या. वर पत्रा. पत्र्याच्या पट्टीवर उपसरपंच विलास धोडी यांचं नाव, वाघापेक्षा मोठ्या अक्षरांत. चौथऱ्यावर नवा खांब उभा होता. ताजं सागवान, वाघ जरा जाडा, चंद्र थोडा वाकडा. त्याच्यापुढे नारळ, तांदूळ, पिसं. जुना खांब आंब्यामागे आडवा टाकला होता.

भगत तिथेच बसले होते. मी विचारलं, "हा जुना मला द्याल का? म्युझियममध्ये ठेवू. नीट राहील."

"त्याचं काम झालं, बाय," ते म्हणाले. "आता तो मातीचा. तिच्याकडून काय मागून घ्यायचं?"

मी हात लावून पाहिला. लाकूड बोटाखाली भुगा होत होतं. वाघाची शेपटी अजून ओळखू येत होती. या खेपेला दोन्ही खांबांचे फोटो काढले.

त्यातला एक फोटो सरांनी मागून घेतला. काही महिन्यांनी दिल्लीतल्या एका सेमिनारमध्ये त्यांनी पेपर वाचला. विषय होता, 'समुदायाने दिलेला नकार: सहभागी वारसा-व्यवस्थापनाचे एक यशस्वी उदाहरण'. लोकांनी समजून-उमजून नाही म्हणावं, हेच आमच्या प्रक्रियेचं यश कसं, ते त्यांनी फार छान मांडलं. टाळ्या पडल्या. स्क्रीनवर मी काढलेला फोटो होता, फक्त टाइल्स कापल्या होत्या. त्या पेपरच्या जोरावर फर्मला आणखी दोन गावांचं काम मिळालं. तिथे एक्सपोजर व्हिजिट ठेवायची नाही, असं सरांनी आधीच सांगून टाकलं.

मी या कामातून एवढंच शिकले: लोकांना समजावं म्हणून कुठे घेऊन जायचं असेल, तर त्यांना खरोखरच समजेल, ही शक्यता प्लॅनमध्ये धरून ठेवावी.